दामूअण्णा आणि पत्र्याचे कोंबडे

आमच्या थोरल्या चिरंजीवांनी परवा कुठल्याशा बँडच्या कार्यक्रमासाठी मुंबईला जायची परवानगी मागितली. मागितली म्हणजे तिकीट काढून झाल्यावर कळवलं. वर मला समजावून सांगितलं की बाबा, रॉक म्हणजे काय ते तुम्हांला कळायचं नाही, आणि त्यासाठी माणूस किती लांब जातो याची तर तुम्हांला कल्पनाच यायची नाही. मी म्हटलं, मुंबई म्हणजे काय लांब? आम्ही मिरजेला गाडी बदलून बंगलोरला गेलो होतो. तो हसला. धाकटी हसली. मग त्यांची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गेले होते. चार दिवस. आणि येताना कानात कापूस घालून आले." तेव्हा कुठे मुलांचा विश्वास बसला. आमच्या घरात माझं कुठलंही विधान तिच्या मंजुरीशिवाय खरं धरत नाहीत.

पण खरं सांगायचं तर मी गेलो नव्हतो. गेले होते दामूअण्णा बोराटे. मी नुसता बरोबर होतो, इंग्रजी बोलायला.

दामूअण्णा मोशीचे. इंद्रायणीच्या काठी चार एकर, दोन म्हशी, आणि रोज सकाळी सायकल मारत पिंपरीला आमच्या कंपनीत. मेंटेनन्स खात्यात ते फिटर होते. मी स्टोअर्समध्ये कारकून. म्हणजे वस्तू मागायला आलेल्या माणसाला ती का मिळणार नाही, हे सांगण्याचा मला पगार मिळत असे. अण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, बुटके, रुंद, आणि मान कायम डावीकडे किंचित कललेली. ती कलली होती ऐकून ऐकून. मशीन बिघडलं की बाकीचे फिटर ते उघडत. अण्णा आधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. डॉक्टर नळी लावतो तसं. आणि मग निकाल: "ह्याला काय झालं न्हाई, पलीकडल्याचं दुखणं ह्याच्यात ऐकू येतंय." पलीकडलं उघडलं की तिथे बेअरिंग फुटलेलं असायचंच.

त्यांचा एक नियम होता आणि तो देवाच्या बापालाही चुकला नसता. ब्रेकडाऊनची चिठ्ठी मिळाल्याशिवाय मशीनला हात नाही. चिठ्ठीवर मशीन कुठलं, तक्रार काय, केलेलं काम काय, आणि खाली मशीन चालवणाऱ्याची सही: काम समाधानकारक. एकदा मोठ्या साहेबांच्या केबिनमधला पंखा खडखडायला लागला. साहेबांनी अण्णांना बोलावून वर बोट दाखवलं. अण्णा पंख्याकडे बघत उभे राहिले. साहेब म्हणाले, काय झालं? अण्णा म्हणाले, "तक्रार कुणाची हाय ते कळंना." साहेबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, 'चालवणारा' या जागी स्वतःचं नाव घातलं आणि पंखा गप्प झाल्यावर सहीही केली. आपण काहीतरी चालवतो याचा तो त्यांच्याकडचा एकमेव लेखी पुरावा, असं कामगार म्हणत.

आवाज करणारी वस्तू अण्णांना सहन होत नसे. मुलगी बघायला चाकणच्या पलीकडे गेले होते, तेव्हा पोहे पुढे आले आणि परसातल्या विहिरीचा रहाट ओरडला. अण्णा उठले, आतून एरंडेल मागून घेतलं आणि पोहे गार होईपर्यंत रहाटाशी झटत राहिले. सासऱ्याला जावई तिथेच पसंत पडला. शेवंतावहिनी मात्र पुढे सगळा जन्म येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, "ह्यांनी मला कुठं बघितलंय? ह्यांनी रहाट बघितला. लगीन रहाटासंगंच व्हायचं, पन तो इहिरीचा सुटंना."

अशा माणसाच्या घरात रॉक बँड शिरला तो भंगारातून.

देहूरोडला करीमभाईंचं भंगाराचं दुकान होतं. लष्करातल्या साहेबांच्या बदल्या झाल्या की त्यांचं नको असलेलं सामान तिथे येई. दर रविवारी अण्णा तिथे जाऊन मोडकी यंत्रं निरखत बसत. एकदा करीमभाईंनी त्यांच्यासमोर एक मुका रेकॉर्ड प्लेअर ठेवला आणि म्हणाले, "दामू, ये बाजा जिंदगी में नहीं बजेगा. बजा तो मेरे को आके बोल, मैं मेरा कान पकडूंगा." अण्णांनी तो उचलला, आठवडाभर उघडून ठेवला, आणि पुढच्या रविवारी करीमभाईंनी भर बाजारात कान पकडले.

आता चालू झालेलं यंत्र तपासायला काहीतरी लावून बघायला हवं. प्लेअरच्या तबकडीवर आधीच्या साहेबाची एक रेकॉर्ड तशीच राहिली होती. अण्णांनी तीच लावली. दुसरी आणायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते गाणं नव्हतंच. तो टेस्ट पीस होता.

रेकॉर्डवर काय लिहिलंय ते वाचायला त्यांनी ती कंपनीत माझ्याकडे आणली. बँडचं नाव 'द टिन रूस्टर्स', गाव बंगलोर, खाली चौघांची नावं. मी मराठी करून सांगितलं: पत्र्याचे कोंबडे. अण्णांनी मान डोलावली. नाव त्यांना वाजवी वाटलं.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. चेहरा चिंतेचा. म्हणाले, तिसऱ्या गाण्यात करकर आहे. मोठा ढोल 'ढम्म' वाजतो आणि त्याच्या पाठोपाठ बारीक 'कुई'. ढम्म-कुई, ढम्म-कुई, शेवटपर्यंत. त्यांनी प्लेअर तीनदा उघडला, मोटर बदलली, सुई बदलली. करकर तिथेच. मला घरी नेऊन ऐकवलं. मला ढम्म ऐकू आलं, कुई नाही. पण नाही म्हणालो असतो तर पुन्हा ऐकवलं असतं, म्हणून मी म्हटलं, हो, आहे बारीक.

"प्लेअरमधी न्हाई. रेकॉर्डीतबी न्हाई," अण्णा म्हणाले. "ज्या दिवशी ह्यांनी वाजवलं त्या दिवशी तिथं बिजागरी कोरडी हुती. ढोल पायानं वाजवत असनार. पायाच्या पट्टीला तेल न्हाई."

तिथून पुढे चार-पाच वर्षं हे चाललं. पहिली पाळी सुटली की सायकलवरून घरी, हातपाय धुऊन चहा, आणि रेकॉर्ड. गाणं इंग्रजी, अण्णांना त्यातला शब्द कळत नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, लेथ काय बोलतंय ते तरी कुठं कळतंय, आवाज कळतो. हळूहळू त्यांना चारही माणसं ओळखू यायला लागली. गिटारवाला घाईत असतो, गाणारा दुसऱ्या कडव्यात दमतो, आणि ढोलवाला, रेजी त्याचं नाव, तो एकटा कामाचा माणूस, एकदा चाल धरली की सोडत नाही. "असला मानूस," अण्णा म्हणायचे, "आन् त्याला कुनी दोन थेंब तेल देऊ नये. एकदा ते गानं बिनतक्रारीचं ऐकायचंय, भाऊसाहेब. एकदाच." शेवंतावहिनी म्हणायच्या, म्हसरांना पण गाणं पाठ झालंय, यांचं अजून ऐकून होत नाही.

शेवटी त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, रेकॉर्डवरच्या पत्त्यावर. मला इंग्रजी येतं ते स्टोअर्सचं. त्यामुळे पत्राचा विषय झाला: आपल्या तिसऱ्या गाण्यातील आवाजाची तक्रार. मजकूर असा की उपरोक्त गाण्यात दर ठोक्यास एक अनावश्यक आवाज आढळून आला असून त्याची तपासणी करून योग्य ती कार्यवाही व्हावी. शेवटी 'आपला विश्वासू' आणि खाली दामोदर बोराटे, फिटर, अशी मराठीत सही.

उत्तर यायचं नाही हे मी छातीठोकपणे सांगितलं होतं. महिन्याने आलं. छापील पत्रक होतं, एका कॉलेजच्या मैदानावर दुपारी चार वाजता कार्यक्रम. मागे पेनाने लिहिलेलं: हे आजवर कुणालाच ऐकू आलं नव्हतं, या आणि स्वतः बघा. खाली रेजी.

अण्णांनी ते पत्रक दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं. मग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बोलावणं आलं. आता न्हाई म्हनता येत न्हाई."

रजेच्या अर्जात 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: ब्रेकडाऊन, बंगलोर. त्यांच्या साहेबांना वाटलं कंपनीचंच काम आहे, त्यांनी प्रवासखर्च कुणी मंजूर केला म्हणून चौकशी लावली. ती मिटते न मिटते तोच अण्णा माझ्या खिडकीशी. त्यांना कंपनीतला आपला ऑइलकॅन न्यायचा होता. घरचा चालला नसता, त्याची चोच जाड होती. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठलीही हरकत न घेता गेटपास लिहिला: ऑइलकॅन एक, परत येणार. गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, कुठे नेताय? अण्णा म्हणाले, कोंबड्यांकडे. मोशीच्या घरच्या कोंबड्या असतील असं समजून त्याने सोडलं.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. पुण्याहून मिरज, मिरजेला लहान रुळांची गाडी, आणि मग दीड दिवस बसून बसून मला कळेना की माझे पाय कुठले आणि शेजाऱ्याचे कुठले. अण्णांनी वाटेत डब्यातल्या तीन खिडक्या आणि संडासाची कडी दुरुस्त केली. चिठ्ठीशिवाय कशी, असं मी विचारलं. म्हणाले, सरकारी मशीन, ऑपरेटर सापडत न्हाई.

मैदानावर पोचलो तर सगळी पोरंपोरी. खांद्यापर्यंत केस, खाली पसरलेल्या विजारी. त्यांत आम्ही दोघं. मी लग्नाचा कोट घालून गेलो होतो, मोठा कार्यक्रम म्हणून. अण्णा कंपनीच्या निळ्या गणवेशात, छातीवर नंबर, डोक्यावर पांढरी टोपी, हातात ऑइलकॅन. मी वाटेत सुचवून पाहिलं होतं की साधा सदरा घाला. ते म्हणाले, कामाला आलोय. आणि त्यांचंच खरं झालं. तिकीट असूनही मला फाटकावर दोनदा अडवलं. अण्णांना कुणी काही विचारलंच नाही; विजेचं काम बघणारा माणूस समजून एका पोराने त्यांना थेट स्टेजच्या मागे नेऊन सोडलं.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा अण्णा ढोलासमोर उकिडवे बसले होते आणि एक उंच, दाढीवाला, अनवाणी माणूस त्यांच्याकडे बघत होता. रेजी. मी माझ्या इंग्रजीत ओळख करून दिली, पत्राचा संदर्भ दिला. त्याने पायाने पट्टी दाबली. ढम्म. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मलाही ऐकू आलं. कुई.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी त्यांच्या घरी खोटं बोललो होतो हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी खिशातून ब्रेकडाऊनच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं.

"साब, पहले चिठ्ठी," ते म्हणाले. "बिगर चिठ्ठी हात नई लगाता."

रेजीला थोडी हिंदी येत होती. तो गंभीरपणे खाली बसला आणि लिहिलं. मशीन: ढोल. तक्रार: रडतो. चालवणारा: रेजी. अण्णांनी चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, मग पिन काढली, जुना मळ पुसला, बोटाने घासून बघितली, दोन थेंब सोडले, तिसरा सोडला नाही, पिन बसवली आणि पट्टी दहा वेळा हाताने हलवली. रेजीने पाय ठेवला. ढम्म. नुसतं ढम्म, लोण्यासारखं. तो ओरडलाच आनंदाने, बाकीच्या तिघांना हाका मारून दाखवलं. म्हणाला, "मेस्त्री, आठ साल में ऐसा नहीं चला." आणि खाली सही केली: काम समाधानकारक.

आम्हांला तिसऱ्या रांगेत बसवलं. कार्यक्रम सुरू झाला आणि मी कापूस कानात घातला. तो मी घरूनच आणला होता, हिच्या आग्रहाने. अण्णा ताठ, टोपी सरळ करून, लग्नात वधूपित्याने बसावं तसे बसले होते. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. पोरं नाचायला लागली. मग तिसरं सुरू झालं आणि अण्णांनी डोळे मिटले.

मी त्यांच्याकडेच बघत होतो. दर ढम्मनंतर त्यांचा उजवा पाय किंचित हलायचा, आणि थांबायचा. हलायचा आणि थांबायचा. पाहुणा येणार म्हणून दार उघडावं आणि बाहेर कुणी नसावं, तसं. पाच-सहा ठोक्यांनंतर त्यांनी डोळे उघडले. सगळं मैदान उड्या मारत होतं. रेजी म्हणे त्या दिवशी आयुष्यात वाजवलं नव्हतं तसं वाजवत होता. आणि अण्णा गर्दीत बायको चुकलेल्या माणसासारखे इकडेतिकडे बघत होते.

"भाऊसाहेब," ते माझ्या कापसापलीकडून ओरडले. "गेलं."

"काय गेलं?"

"गानंच गेलं की."

कार्यक्रम संपताच ते स्टेजमागे गेले. रेजी घामाघूम, खूश, अण्णांना मिठी मारायच्या बेतात. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना जे सांगायचं होतं ते मराठीतसुद्धा नीट सांगता येत नव्हतं, आणि ते मला इंग्रजीत सांगायचं होतं. मी घसा साफ केला आणि स्टोअर्सचं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून म्हणालो, महाशय, कृपया सदर दोष पूर्ववत करून मिळावा.

चौघेही हसले. रेजी हसता हसता थांबला. त्याने अण्णांचा चेहरा बघितला. मग पट्टी त्यांच्यापुढे ठेवून म्हणाला, "मेस्त्री, निकालो तेल. मैं फिर बजाता हूँ. सिर्फ आपके लिए."

अण्णांनी पट्टी हातात घेतली, पिन चाचपली आणि परत ठेवली.

"नई होता साब," ते म्हणाले. "डालने को एक मिनिट लगता. पुसा तो भी अंदर रहता. सूखने को छे महिना."

रेजीने चिठ्ठी मागून घेतली. 'समाधानकारक'वर काट मारली आणि लिहिलं: तेल घालणार नाही. कुणाला घालू देणार नाही. पुन्हा या. परत सही केली. बावीस वर्षांच्या नोकरीत अण्णांची परत आलेली ती एकमेव चिठ्ठी.

येताना अण्णांनी एकाही खिडकीला हात लावला नाही. हुबळी मागे पडली. मग एकदम म्हणाले, "एवढे आवाज बंद केले मी. कुनाला इचारलं न्हाई की बाबा, ह्यो काढायचा का ठेवायचा." मला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. मी म्हटलं, ऑइलकॅन आठवणीने परत जमा करा, पास माझ्या नावावर आहे. त्याबद्दल मला अजून लाज वाटते.

घरी रेकॉर्ड होतीच, तिच्यात कुई होतीच. पण अण्णा ती लावेनात. शेवंतावहिनींनी मला निरोप पाठवला की ह्यांना काय झालंय ते बघा, घर सुनं लागतंय. मी गेलो. अण्णा ओसरीवर बसले होते. म्हणाले, तिकडं ती कुई बंद पडलीय आणि इथं मी ऐकायची, हे बरं दिसत न्हाई.

सहा महिने झाले, सात झाले. रेजीचं कार्ड आलं. एकच ओळ: कोरडं पडलंय, या. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम होता. मला रजा शिल्लक नव्हती. होती, पण कान शिल्लक नव्हते. अण्णा एकटेच गेले. पाचव्या दिवशी पहिल्या पाळीला हजर होते. मी खिडकीतून विचारलं, काय झालं? "वाजलं," ते म्हणाले, आणि दोन हातमोजे मागितले. मी जुने जमा करा म्हणालो नाही, तसेच दिले. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरची रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली, असं वहिनींनी सांगितलं.

पुढे अण्णांबरोबर आणखी काही वर्षं काढली, पण डोळे मिटले की ते मला दिसतात ते त्या दुसऱ्या वेळेला गाडीत बसलेले. मी त्यांना पोचवायला पुण्याला गेलो होतो. त्यांनी या वेळी साधा सदरा घातला होता. मांडीवर फक्त भाकरीचं गाठोडं. डब्यात त्यांच्या डोक्यावरचा पंखा असा खडखडत होता की समोरची बाई कानांवर हात ठेवून बसली होती आणि एक गृहस्थ रेल्वेच्या नावाने बोटं मोडत होते. मी खिडकीतून वाकून अण्णांना वर खूण केली.

"ऐकू येतंय मला," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते स्वतःच्या दोन्ही हातांवर बसलेत, तळवे मांड्यांखाली घट्ट दाबून.

"सवय करतोय," अण्णा म्हणाले, आणि गाडी हलली.